पान एकवीस आणि चाळीस खून

एका मे महिन्यात मी चाळीस खून वाचले. बरेचसे विषाने झाले, काही सुऱ्याने, आणि एक दुधाच्या किटलीने. किटलीचा खून मला अजून पटलेला नाही. ती ॲल्युमिनियमची होती, आणि ॲल्युमिनियमच्या किटलीने डास मरायची मारामार.

हे सगळं मी हौसेने वाचलं असं कुणाला वाटेल, तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्या जिभेमुळे अंगावर आलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथला बैठ्या चाळीत राहायचो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते फॅक्टरीत टर्नर होते. आई उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून रेडिमेड फ्रॉकचं काम घरी आणायची. हूक लावायचे, बटणं टाकायची, काजं करायची. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि मोकळी मुलगी घरात दिसली की सगळ्यांना कामं आठवतात, म्हणून जास्तीत जास्त वेळ वाचनालयात काढत होते.

वाचनालय म्हणजे आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून असलेली एक खोली. अण्णांनी आणि त्यांच्या चार-पाच सोबत्यांनी ते उभं केलं होतं. एक निवृत्त गुरुजी अध्यक्ष, अण्णा चिटणीस. आपल्या वाडवडिलांना पुस्तकाला हात लावू दिला नाही, आता आपण हात धुऊन पुस्तकांच्या मागे लागायचं, असं अण्णा म्हणायचे. आणि लागलेही होते. ड्यूटीवरून आले की चहा पिऊन सायकलने घरोघर जायचे, कोण वाचतो, कोण नुसतंच नेऊन उशाला ठेवतो, याची चौकशी करायचे. अर्ध्या वस्तीला त्यांनी वाचायला लावलं. फक्त घरात हरले.

आई चौथी शिकलेली. लग्न झाल्यावर अण्णांनी तिला वाचनाची गोडी लागावी म्हणून जंग जंग पछाडलं होतं. चरित्रं आणली, प्रवासवर्णनं आणली, स्त्रियांनी अवश्य वाचावं असं काय काय आणलं. आई पुस्तक उघडायची आणि तिसऱ्या पानावर डुलकी घ्यायची. शेवटी एकदा तिने सांगून टाकलं, "अक्षरं बघितली की माझं डोकं दुखतं." त्यानंतर अण्णांनी तो विषय काढला नाही. पण वाचनालयाच्या कार्यक्रमात भाषण करताना "प्रत्येक घरातली बाई वाचती झाली पाहिजे" या वाक्यापाशी त्यांचा आवाज जरा खाली यायचा. ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं आईलाही.

आता त्या खुनांकडे येते. फॅक्टरीतले एक साहेब बदली होऊन गेले, तेव्हा जाताना त्यांनी एक लाकडी कपाट वाचनालयाला देऊन टाकलं होतं. कपाट रहस्यकथांनी भरलेलं. कव्हरवर पिस्तूल, नाहीतर किंचाळणारी बाई, नाहीतर दोन्ही. अण्णांनी कपाट ठेवून घेतलं आणि पुस्तकांकडे पाहून नाक मुरडलं. चार वर्षं ती तशीच राहिली. मग त्या एप्रिलमध्ये त्यांनी कमिटीपुढे ठराव आणला, की वस्तीतली मुलं नोकरीच्या परीक्षांना बसायला लागली आहेत, त्यांच्या अभ्यासाच्या पुस्तकांना जागा नाही, तेव्हा हे कपाट रिकामं करून पुस्तकं रद्दीत द्यावीत.

ठराव काही वाईट नव्हता. पण मी खिडकीपाशी बसून त्याच कपाटातलं एक पुस्तक वाचत होते, आणि त्यातला इन्स्पेक्टर नुकताच विहिरीत उतरला होता. मी तिथूनच म्हणाले, "न वाचताच फाशी देताय होय?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की विहिरीतला इन्स्पेक्टर बरा. गुरुजींना मात्र गंमत वाटली. त्यांनी रजिस्टर मागवलं. रहस्यकथांच्या पानावर चार वर्षांत एकच नाव पुन्हा पुन्हा होतं, माझं.

"एका वाचकासाठी कपाट अडवून ठेवता येणार नाही," गुरुजी म्हणाले. "असं कर बाई. महिनाभरात सगळी वाच. प्रत्येकाबद्दल प्रामाणिक मत लिही, लाडीगोडी चालणार नाही. आणि तुझ्याशिवाय ही पुस्तकं वाचणारा आणखी एक तरी वाचक दाखव. दोन्ही जमलं तर चांगली तेवढी ठेवू. नाहीतर जूनच्या पहिल्या रविवारी सगळीच रद्दीत."

अण्णांनी ते लगेच इतिवृत्तात लिहून घेतलं.

कपाट रिकामं केलं तेव्हा अडतीस पुस्तकं निघाली, आणि खालच्या फळीच्या मागे घसरून पडलेली आणखी दोन. एकूण चाळीस. मी एक दोनशेपानी वही घेतली आणि कामाला लागले.

सुरुवातीला फार मजा आली. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की घरचा डॉक्टर पहिल्याच प्रकरणात चहा प्यायला आला, तर खुनी तोच. तीन पुस्तकांत मी हे बाराव्या पानावर ओळखलं आणि वहीत लिहिलं, "लेखकाला डॉक्टरांचा काय राग आहे कळत नाही." नायिका असायची ती हुशार म्हणून ओळख करून दिलेली, पण अंधाऱ्या बंगल्यात एकटीच जायची. एकीबद्दल मी वहीत लिहिलं, "हिला कुणी टॉर्च द्या." गुप्तहेर इतक्या सिगारेटी ओढायचे, की लपून बसले तरी गुन्हेगाराला खोकल्यावरून सापडले असते.

आमच्या भागाची तर या लेखकांनी पार वाट लावली होती. एका पुस्तकात खलनायक प्रेत टाकायला "ओसाड, निर्मनुष्य बदलापूर" इथे येतो. बदलापूरला माझी मावशी राहायची. तिच्या दारात सकाळी सातला उभं राहिलं, तर दूधवाला, पाववाला, शेजारीण आणि शेजारणीची सासू एवढे लोक हजर. प्रेत टाकायला आलेल्या माणसाला त्यांनी चहाला बसवलं असतं आणि कुठले, काय करता, हे सगळं काढून घेतलं असतं. दुसऱ्या एका पुस्तकात खुनी बदलापूरच्याही पुढच्या वांगणीच्या फार्महाऊसवरून निघून वीस मिनिटांत दादरला पोचतो. मी लिहिलं, "लेखकाने एकदा तिकीट काढून बघावं."

पण काही पुस्तकं खरोखर चांगली होती, हेही लिहायला हवं. एकात एक म्हातारी शेजारीण नुसती वाळत घातलेल्या कपड्यांवरून ओळखते, की घरातला माणूस गावाला गेलेला नाही. दोन दिवस मी चाळीतल्या सगळ्या दोऱ्या बघत फिरले. दुसरं एक होतं, त्यात खुनी सापडतो, पण त्याला पकडून देणाऱ्या भावाचंच वाईट वाटत राहतं. ते संपवून मी बराच वेळ नळावर भांडं लावायला गेलेच नाही, आणि आईची बोलणी खाल्ली.

मतं होत होती. दुसरा वाचक मिळत नव्हता. मैत्रिणींना विचारलं, त्यांना प्रेमकथा हव्या होत्या. शेजारच्या काकांना विचारलं, ते म्हणाले, खून काय, पेपरात फुकट येतात. पंधरा तारीख उलटली, दिवस कमी राहिले. मला त्या कपाटाचा लळा लागला होता. पुस्तकं सुतळीने बांधून तराजूवर ठेवलेली माझ्या डोळ्यांपुढे यायची आणि वाईट वाटायचं.

आणि मग ती भोकं दिसली.

खरं तर आधीही दिसली होती, पण मला कसर वाटली. एकविसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, सुईच्या टोकाएवढं एक भोक. त्या दिवशी तीन पुस्तकं उशाशी होती, तिन्हीत ते त्याच पानावर होतं. मी सगळी पुस्तकं काढली. कुठे एक भोक, कुठे दोन, सात पुस्तकांत तीन. कसर एवढी हिशेबी नसते. वाचनालयाची पुस्तकं नेणारे पुष्कळ लोक अशी खूण करून ठेवतात, म्हणजे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी यायला नको. कुणी आकड्याला गोल करतं, कुणी टिंब देतं. इथे कुणीतरी सुईने टोचलं होतं. दुसरा वाचक होता, आणि त्याने सगळी पुस्तकं वाचली होती. फक्त फळीमागे पडलेल्या दोन पुस्तकांना भोक नव्हतं.

मी चक्क गुरुजींवर संशय घेतला. अध्यक्ष, त्यामुळे आत-बाहेर कधीही करता येतं, आणि रजिस्टरात नाव नाही. त्यांच्या घरी जाऊन मी आडून आडून विचारलं, "गुरुजी, सुई-दोरा आहे का हो?" त्यांनी पत्नीला हाक मारून माझं काय फाटलंय ते बघायला सांगितलं.

परत येताना वाटेत डोक्यात प्रकाश पडला. सुई. वाचनालयाच्या खोलीत बुधवारी दुपारी बायकांचा शिवणवर्ग भरायचा, आणि त्या वेळी खोलीची किल्ली आईकडे असायची.

मला ते पटेना. आईने पुस्तक? पण इतकी पुस्तकं वाचून एवढं तरी शिकले होते, की ज्याच्यावर संशय येत नाही त्याच्यासाठी सापळा लावायचा. बिनभोकाच्या दोन पुस्तकांतलं एक मी मंगळवारी आईच्या हूक-बटणांच्या पिशवीशेजारी विसरल्यासारखं ठेवलं आणि मावशीकडे बदलापूरला गेले. दोन दिवसांनी आले. पुस्तक होतं तिथेच होतं. पान एकवीस उजेडाला धरलं. एक भोक.

आई दारात बसून फ्रॉकला हूक लावत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने मान वर केली नाही.

"ठीकठाक आहे," ती म्हणाली. "दोनची लायकी नाही."

मग एकेक बाहेर आलं. पुस्तकं आली तेव्हापासून ती वाचत होती. बुधवारी एक काढायची, फ्रॉकच्या गठ्ठ्यात घालून घरी आणायची, अण्णा ड्यूटीवर आणि मी कॉलेजात असताना दुपारी वाचायची, पुढच्या बुधवारी परत ठेवायची. एक भोक म्हणजे वाचलं. दोन म्हणजे चांगलं. तीन म्हणजे पुन्हा वाचायचं. आणि एकवीसच पान का, तर तिथवर कुणी मेलं नाही तर पुस्तकात दम नाही, असा तिचा अनुभव होता. मी माझी वही काढली. तिची तीन भोकं आणि माझी उत्तम मतं सातपैकी पाच पुस्तकांत जुळत होती. उरलेल्या दोन पुस्तकांवरून आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत भांडलो. इतकी मजा मला आईबरोबर त्याआधी कधी आली नव्हती.

"पण मग अण्णांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "त्यांनी इतकी चांगली चांगली पुस्तकं आणली, ती नाही वाचली मी. आता हे वाचते म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाईट वाटेल. तू पण सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

म्हणजे दुसरा वाचक सापडला होता आणि दाखवायची सोय नव्हती. मी कपाळाला हात लावला.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी विहारात वंदना झाली आणि सगळे तिथेच बसून राहिले. कमिटी पुढे, बायका भिंतीकडेला, त्यात आई. माझी मतं अण्णांनी चिटणीस म्हणून वाचून दाखवली. वाचताना ते आवाज कोरडा ठेवत होते, पण टॉर्चच्या वाक्याला त्यांनाही हसू फुटलं. चाळीसपैकी सहा पुस्तकं मी स्वतःच रद्दीत काढली होती. त्यांतलं सगळ्यात भिकार म्हणजे फळीमागचं दुसरं पुस्तक. त्यात खून नव्वदाव्या पानावर होतो, आणि खुनी म्हणून जो पकडतात तो माणूस शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तकात नसतोच. मी लिहिलं होतं, "दया करून रद्दीत द्यावं."

"मतं प्रामाणिक आहेत," गुरुजी म्हणाले. "आता दुसरा वाचक."

मी सगळ्यांना भोकं दाखवली. वाचक आहे, पण नाव सांगता येत नाही, एवढंच म्हणाले.

"भोकं कुणीही पाडेल," अण्णा म्हणाले. "नाव नाही तर वाचक नाही. इतिवृत्तात मी काय लिहू, सुई?"

सगळे हसले. मी आईकडे पाहिलं नाही. अण्णा पुढे वाचत गेले, आणि एका मतापाशी थांबले. त्या पुस्तकाची शेवटची आठ पानं गळून गेली होती, त्यामुळे "शेवट माहीत नसल्याने मत देता येत नाही" असं मी लिहिलं होतं. गोष्ट मात्र थोडक्यात दिली होती. एका श्रीमंत म्हाताऱ्याला औषधातून विष दिलं जातं. घरात पुतण्या, सून, नोकर आणि औषध आणून देणारा कंपाउंडर.

"पुतण्याच असणार," गुरुजी म्हणाले. शिक्षक माणूस, उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

अण्णांनी विचार केला. "हो, पुतण्याच. इस्टेट दुसऱ्या कुणाला मिळणार? सरळ आहे."

कमिटीतल्या बाकीच्यांनीही पुतण्याला फासावर चढवलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"पुतण्या कसा असेल? त्याचा उजवा हात प्लास्टरात होता. बाटलीचं घट्ट झाकण त्याने काढलं कशाने? कंपाउंडर होता तो. म्हाताऱ्याने त्याच्या बापाची जमीन खाल्लेली."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. आईच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तिने पदर तोंडाला लावला. चार वर्षं गुपित सांभाळलं होतं तिने, पण चुकीचा माणूस फासावर गेलेला तिला बघवला नाही.

अण्णा वही हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "ही आठ पानं कधी वाचलीस?"

"होती तेव्हा," आई म्हणाली.

गुरुजींनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "चिटणीस, लिहा. दुसरा वाचक हजर." अण्णांनी लिहिलं. कपाट राहिलं. अभ्यासाच्या पुस्तकांसाठी गुरुजींनी स्वतःच्या घरची मांडणी देऊन टाकली. मी नाकारलेली सहा पुस्तकं सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवली गेली.

मी जिंकले होते, पण घरी येताना मला जड वाटत होतं. अण्णा सायकल हातात धरून पुढे चालत होते, आई चार पावलं मागे. जेवून अण्णा लगेच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सोमवार गेला, मंगळवार गेला. अण्णा रागावलेले नव्हते. ते दुखावले होते, आणि ते जास्त वाईट होतं. आई हूक लावताना दोनदा बोटाला सुई टोचून बसली.

बुधवारी अण्णा ड्यूटीवरून दीड तास उशिरा आले. हात धुळीने काळे, शर्टाला जाळं चिकटलेलं. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि आईच्या पुढे, फ्रॉकच्या ढिगावर ठेवलं.

"सगळी एकेक करून उजेडाला धरून बघितली," ते म्हणाले. "एकविसावं पान. सगळ्यांना भोकं आहेत. एवढं एकच राहिलंय तुझं."

मी कव्हर पाहिलं आणि जीभ चावली. ते फळीमागचं दुसरं पुस्तक होतं. नव्वदाव्या पानावर खून होणारं, मी दया करून रद्दीत काढलेलं. अण्णांनी त्यासाठी कोपऱ्यातला गठ्ठा सोडला होता. माझं मत त्यांनीच सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं होतं, पण त्यांच्या ते ध्यानात राहिलं नसावं.

आईने पुस्तक उचललं आणि त्यांच्यासमोरच उघडलं. अण्णा चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसले. ती वाचत होती, आणि ते तिच्याकडे बघत चहा पीत होते. त्या दिवशी ते सायकल काढून कुणाच्याही घरी चौकशीला गेले नाहीत.

शनिवारी पुस्तक आईच्या हातातून सुटलेलं दिसलं तसं मी ते खिडकीपाशी नेलं. एकविसाव्या पानापर्यंत त्यात कुणी मरत नाही. साधा कुणी शिंकतसुद्धा नाही. मी पान उजेडाला धरलं.

तीन भोकं होती.